बोटाखालचं बेट

४ फेब्रुवारी

आज डॉक्टरीणबाई स्वतः दुकानात आल्या. एरवी त्यांची चिठ्ठी घेऊन पेशंट येतात, त्या येत नाहीत. मला वाटलं, कुणाच्या तरी चष्म्याचा नंबर चुकला माझ्याकडून. त्यांनी काउंटरवरच्या फ्रेमा बाजूला सारल्या आणि नकाशा पसरला. मे महिन्यात त्या पॅसिफिकमधल्या एका बेटावर तीन आठवडे डोळ्यांचं शिबिर घ्यायला चालल्यात. मोठं विमान, मग छोटं विमान, मग बोट. तिथे डोळ्यांचा डॉक्टर कधी गेलेलाच नाही. मोतीबिंदू त्या काढतील, पण नंबर तपासायला आणि चष्मे बसवायला माणूस हवंय. पगार नाही. राहायला शाळेची एक खोली.

"तुम्ही याल का?" असं त्यांनी सरळ मला विचारलं. आमच्या ह्यांना नाही, मला.

कुठे आहे बघू तरी, म्हणून मी नकाशावर बोट ठेवलं, तर बोटाखाली बेट झाकलंच गेलं. भोवती सगळं निळं.

मी म्हटलं, यांना विचारून सांगते. हे शेजारीच उभे होते. "जा की," म्हणाले, फ्रेम पुसता पुसता, मान वर न करता. चहा टाक म्हणावं तसं.

५ फेब्रुवारी

आमचं दुकान खाली आणि घर वर. मधे आतूनच जिना. म्हणजे कामाला जाते म्हणायचं तरी उंबरा ओलांडावा लागत नाही. तपासणीची खोली दुकानाच्या पोटात, तिला खिडकी नाही. खोली इतकी आखूड, की उलट्या छापाच्या अक्षरांचा तक्ता पेशंटच्या डोक्यामागे टांगलाय आणि तो समोरच्या आरशात सुलटा वाचायचा. खोलीत मावत नाही तेवढं अंतर आरशात मावतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी तिथे बसतेय. अंधारात लोकांना विचारत असते, "आता बरं दिसतं, की मघाशी?"

मलाच कुणी विचारलं तर काय सांगेन?

आज डॉक्टरीणबाईंना फोन करून हो म्हटलं.

९ फेब्रुवारी

वन्सं आल्या होत्या. बातमी कळलीच होती. शाळेत मास्तरीण होत्या, अजून माणसाला फळ्यासमोर उभं केल्यासारखं बोलतात. "या वयात?" एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्याहून लहान आहे, हे त्या सोयीने विसरतात. लेकीचा फोन आला. तिची काळजी वेगळी, आईला पोहता येत नाही. म्हटलं, मी चष्मे बसवायला चाललेय, मासे धरायला नाही.

जेवताना यांनी पाण्याचा पेला उडवला. पेला डाव्या हाताला होता, रोजच्या जागी. पाणी सगळं माझ्या ताटात. "मधे कशाला ठेवतेस?" मधे नव्हता. तोंडाने 'जा की' आणि हाताने पेला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तर कळतं.

१७ फेब्रुवारी

हल्ली बाजारात जाताना हे माझा दंड धरून चालतात. नव्या नवलाईतसुद्धा कधी धरला नव्हता. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं का सांगू. लाजच वाटली थोडी. मग लक्षात आलं, माझी चाल जरा वाढली की पकड घट्ट होते. फरारी कैद्याला धरावं तशी. म्हटलं, "अहो, मी इथून पळून जाणार नाहीये." हे हसले, पण दंड सोडला नाही.

स्कूटरही विकायची म्हणताहेत. गुडघा दुखतो म्हणे. म्हणजे आता मी बाहेर पडले की चालत, आणि चालत म्हणजे यांच्याबरोबर.

२६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले होते, शिकायला. नंबर काढणं मला येतं, पण तिथे त्याने भागणार नाही. मोतीबिंदू कुठला, काचबिंदू कुठला, कुणाला त्यांच्याकडे धाडायचं हे मला ओळखता यायला हवं. काचबिंदू लबाड असतो, त्या म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं स्वच्छ दिसत राहतं आणि कडेकडेने नजर कुरतडली जाते. माणसाला पत्ता नसतो. त्यासाठी एक साधी युक्ती शिकवली. पेशंटने एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने आपल्या नाकाकडे बघायचं. आपण बाजूला हात धरून बोटं हलवायची आणि विचारायचं, हलताहेत का?

"तिथे वीज असेल नसेल. बोटं तर असतील," म्हणाल्या. भेटेल त्याच्यावर सराव करायला सांगितलंय.

परत येताना वाटेत थांबून एकटीने चहा प्यायले. उभ्यानेच. कुणाची वाट बघत नव्हते, कुणी माझी बघत असेल तर ते मला माहीत नव्हतं. चहा वाईट होता आणि मी तो चवीने प्यायले.

२ मार्च

सराव जोरात. वन्संची नजर चारी बाजूंनी शाबूत आहे, त्याचा अनुभव आम्हाला आधीपासून आहेच. समोरच्या केशकर्तनवाल्याला बसवलं तर तो गप्प बसेना. "हलताहेत, हलताहेत, वहिनी, आता जरा थरथरताहेत, चहा कमी करा." कायम आरशात बघून काम करणारा माणूस, त्यामुळे डावं म्हटलं की उजवं सांगायचा. हसून हसून पोट दुखलं.

यांना म्हटलं, तुम्ही बसा. "माझे डोळे काय परीक्षेचा पेपर आहेत?" असं म्हणून दारातूनच तक्त्याची अगदी तळची ओळ घडाघडा वाचून दाखवली, वर छापखान्याचं नावसुद्धा. "झालं समाधान?" मग म्हणे गिऱ्हाईक आलं. बघते तर दुकानात चिटपाखरू नव्हतं.

एवढीशी गोष्ट. माझ्या कामासाठी दोन मिनिटं बसायचं तेवढं नको.

११ मार्च

फ्रेमेचा स्क्रू हातातून पडला की हल्ली हे मला हाक मारतात. मी आत अंधारात पेशंटच्या डोळ्यावर काचा लावून बसलेली, पेशंट 'आता बरं, नाही मघाशी बरं' या घोळात, आणि बाहेरून हाक. येऊन बघते तर स्क्रू यांच्या मनगटाशीच पडलेला, फार तर वीतभर डावीकडे. डोळ्यांसमोर. आज असं तीनदा झालं. शेवटी म्हटलं, मी मेमध्ये नसेन तेव्हा काय कराल? तर म्हणाले, "तेच बघतोय."

अशी माणसं अडवत नाहीत. अडवली तर भांडता तरी येतं. ही नुसती मधे येऊन उभी राहतात.

१२ मार्च

आज काही नाही.

२० मार्च

दवाखान्यात पूर्ण दिवस होते, दुकान यांच्यावर सोपवून. ही आमची रंगीत तालीम, मे महिन्याची. आले तर दिवेलागणीच्या आधीच शटर खाली. आत गॉगलचा फिरता स्टँड आडवा, काचांचा खच. हे वर अंधार करून खुर्चीत बसलेले, नडगीला ओला रुमाल. काय झालं विचारलं तर, "स्टँड कुणी सरकवला होता." कुणी म्हणजे कोण? तो स्टँड जिथे आहे तिथेच आहे, जिन्याच्या डाव्या अंगाला, मुलगी रांगत होती तेव्हापासून. केशकर्तनवाला म्हणाला, कोपऱ्यावरच्या मास्तरांच्या पत्नी चष्मा न्यायला आल्या, बराच वेळ शेजारी उभ्या राहिल्या, यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्या रागावून गेल्या.

मी गुडघ्यावर बसून काचा गोळा केल्या. मनात सगळं बोलून घेतलं. शाळेत जायचं नाही म्हणून पोट दुखवून घेणारी पोरं असतात, तसं हे दुकान मोडून दाखवताहेत. बघ, तू गेलीस की काय होतं ते.

जिना चढताना वाटलं, हा जिना दर वर्षी थोडा अरुंद होतोय.

२१ मार्च

सुट्टीचा दिवस. आजचं लिहायला हवं.

दुपारी जेवण झाल्यावर हे म्हणाले, त्या शिबिराला दुसरं कुणी मिळत नाही का? अगदी साध्या आवाजात. आणि माझा बांध फुटला. आजवर कधी बोलले नाही ते सगळं बोलले. मला या घरात गुदमरायला होतं, खाली अंधार, वर तुम्ही. आयुष्यभर दुसऱ्यांना लांबचं दिसावं म्हणून झटले, मला स्वतःला आरशातल्यापेक्षा लांबचं काही दिसलं नाही. आता तीन आठवडे मागतेय तर तुम्ही पेला सांडा, स्क्रू पाडा, स्टँड मोडा. तोंडाने नको म्हणायची तरी हिंमत दाखवा.

हे ऐकत राहिले. मग उठले, भिंतीला हात लावत जिना उतरले. खाली दिव्याचं बटण वाजलं. मी थोड्या वेळाने गेले. तपासणीच्या खोलीत पेशंटच्या खुर्चीत बसले होते, ताठ.

"तपास," म्हणाले.

मी रागातच होते. समोर स्टूल ओढलं, यांचा उजवा डोळा झाकायला लावला. माझ्या नाकाकडे बघा म्हटलं. डावा हात बाजूला धरून... नाही, उजवा, माझा उजवा, यांच्या डावीकडे. बोटं हलवली. यांनी काही सांगितलं नाही. मला वाटलं, अजून चेष्टा चाललीय. हात जरा पुढे आणला. जोरात हलवली. हे माझ्या नाकाकडे बघत शांत बसलेले, शहाण्या पोरासारखे. मी वाट बघत होते.

"हलव की आता," हे म्हणाले.

मी हलवतच होते.

२२ मार्च

दुकान उघडलं नाही.

दुसऱ्या डोळ्याचंही तेच. थोडं कमी एवढंच. डाव्या बाजूचं आणि खालचं जवळजवळ काही नाही, उजवीकडेही कड गेलेली. मधे एक खिडकी उरलीय, तिच्यातून तक्त्याची तळची ओळ स्वच्छ दिसते.

कधीपासून, ते यांना नीट सांगता येत नाही. नजर कमी झाली असं वाटलंच नाही, जग अडचणीचं झालं असं वाटलं. वस्तू मधे येतात, माणसं अचानक उगवतात. हे रोज चष्मे विकणारे आणि मी रोज डोळे तपासणारी. एका ताटातून जेवल्यासारखे राहिलो.

मी विचारलं, संशय आला तेव्हा का नाही बोललात? म्हणाले, "तू हो म्हणून बसली होतीस. सांगितलं असतं तर थांबली असतीस. नाही सांगितलं, तरी मी तुला थांबवतच होतो."

स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही. रडायला जरा मोकळी जागा लागते.

२४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी स्वतः तपासलं. डोळ्यांतला दाब फार आहे, मागची नस बरीच सुकलीय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखता येतं. रोज थेंब टाकायचे, एकही वेळ चुकवायची नाही. एवढं पाळलं तर उरलेली खिडकी यांना जन्मभर पुरेल, असं त्यांना वाटतं. शिबिराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही काढलं नाही.

येताना मीच यांचा दंड धरला. हे म्हणाले, "मी धरतो तुझा. तसं पाऊल नीट पडतं." म्हणजे इतके दिवस...

पुढचं लिहवत नाही.

२९ मार्च

लेक फोनवर धरूनच चालली की मी जात नाही. "ते रद्दच ना आता?" वन्सं तर त्याच दिवशी म्हणून मोकळ्या झाल्या, की झालं ते एका परीने बरंच झालं, वेळेत कळलं, बेट काय कुठे वाहून जातंय. शेजारीपाजारी मला बघून मान हलवतात. आमच्याकडे मान हलवली की बाई त्यागाची देवी होते.

एक गोष्ट इथेच लिहिता येईल. सगळ्यांनी रद्द म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मला त्या छोट्या विमानाची भीती वाटते. बोटीची तर फारच. परक्या बायकांत, परक्या बोलीत, एकटीने उठायचं, एकटीने निजायचं. आयुष्यात मी एकटी कुठे निजलेली नाही. आधी माहेरी बहिणी, मग हे. गेल्या आठवड्यात मीच चिडून दार ठोठावत होते, आणि दार लावून घेतलं गेलं तर हुश्श म्हणून खाली बसले.

असं कसं माझं?

३ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून कळवलं. फोन दुकानातूनच केला. यांच्या डोळ्यांमुळे जमणार नाही, असं म्हटलं. त्या समजूतदारपणे हो म्हणाल्या. त्याचाही मला राग आला.

हे काउंटरच्या पलीकडे होते. फोन झाल्यावर पूर्ण माझ्याकडे वळले. आता बघायचं म्हटलं की यांना सगळं अंग वळवावं लागतं, त्यामुळे बोलणं फार गंभीर वाटतं.

"माझ्या डोळ्यांमागे लपू नकोस," म्हणाले.

मी उसळले. कोण लपतंय? तुम्हाला जिन्यात कोण धरणार, थेंब कोण टाकणार? हे म्हणाले, थेंब मी टाकतो, मला हात आहेत. आंधळा झालो तर तुला सांगेन. पण आज तुला जायचं नसेल तर जायचं नाही म्हण, भीती वाटते म्हण. माझं नाव घेऊन घरात बसलीस, तर उद्यापासून या घरात तू बांधलेली आणि मी खुंटा. ते मला नाही झेपायचं.

आणि शांतपणे फ्रेमेत काच बसवायला लागले. मी तणतणत आत गेले. पेशंट नव्हताच. रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिले.

४ एप्रिल

लपत होते.

७ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना परत फोन केला. म्हटलं, जागा अजून असेल तर येते. त्या म्हणाल्या, जागा कुणाला दिलीच नव्हती.

सगळ्यांत आधी वन्संना सांगायला गेले, कारण तिथेच जास्त भीती. त्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, तीन आठवडे आमच्याकडे राहाल का, तुमचा भाऊ आहे. वाटलं, आता पट्टी उगारतील. त्या उठल्या, कपाटातून बॅग काढली, तिच्यावरची धूळ झटकली. मग म्हणाल्या की त्यांनाही एकदा दूरच्या गावी मुख्याध्यापिका व्हायला बोलावलं होतं, तेव्हा घरात सगळ्यांना काही ना काही व्हायला लागलं. कुणाला काय झालं होतं ते आता आठवतही नाही. बॅगेची चेन अडकत होती, तिला त्या मेण लावत बसल्या.

१९ एप्रिल

घर माझ्यावाचून अडणार नाही याची तयारी चाललीय आणि ती फारच उत्तम चाललीय. हे थेंब वेळेवर टाकतात. वन्संनी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा पट्टा रंगवून घेतलाय. केशकर्तनवाला शटर उघडून देणार आहे. नंबर काढायला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली मुलगी दुपारची येऊन बसेल. काल यांनी तिला तपासणीच्या खोलीतलं सगळं दाखवलं, आणि तिने सहज हात घालून माझं स्टूल आरशाजवळ सरकवलं. माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिथून खरंच पेशंटचा चेहरा चांगला दिसतो.

मला वाईट वाटलं. कुणी म्हणेल, हेच तर हवं होतं तुला. हो. तरी वाटलं.

२ मे

बॅग भरली, रिकामी केली, भरली. दान आलेल्या चाळिशीच्या चष्म्यांनी अर्धी बॅग खाल्ली. कपड्यांत कपात. बोटीत उलटी होऊ नये म्हणून गोळ्या घेतल्यात. त्या बोटीच्या नुसत्या विचारानेच घ्याव्या लागतील.

तिथे फोन क्वचितच लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी आज पुन्हा सांगितलं. यांना सांगितलं तर म्हणाले, बरंच झालं, स्क्रू कुठे पडला ते विचारायला मी फोन केला असता.

आम्ही दोघं बरंच हसलो. मग हसणं थांबलं तरी तसेच बसलो होतो.

६ मे, विमानतळावर

विमानाला अजून वेळ आहे. डॉक्टरीणबाई सामानातल्या औषधांचे कागद दाखवण्यात गुंतल्यात, मी खुर्चीत बसून लिहितेय.

हे आणि वन्सं सोडायला आले होते. टॅक्सीत वन्संनी पासपोर्ट आहे ना असं इतक्यांदा विचारलं, की शेवटी मी तो हातातच धरून बसले. दारापाशी यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जपून," म्हणाले. मीही म्हटलं, "थेंब." एवढंच. आम्हाला कधी जमलंच नाही असलं काही.

आत आल्यावर रांग वळणावळणाची, तिच्यात पुढे सरकत गेले. काचेपलीकडे दोघं दिसत होती. मी हात हलवला. वन्संनी हात केला. हे समोर बघत होते, मी मघाशी जिथे होते तिथे. वन्सं यांना काहीतरी सांगत होत्या, बोटाने दाखवत होत्या. हे मान वळवायचे आणि तेवढ्यात मधे कुणाची ढकलगाडी यायची, कुणी उंच माणूस यायचा. पुन्हा समोर. चेहऱ्यावर कसनुसं हसू, कुणीतरी बघत असेल म्हणून धरून ठेवलेलं.

माझ्यापुढे दोनच माणसं उरली होती. मागच्या बाईला म्हटलं, जागा राखता का जरा. तिला माझी भाषा कळली की नाही कोण जाणे. रांगेच्या पट्ट्याखालून वाकून बाहेर पडले. शिपाई काहीतरी ओरडला, तिकडे लक्ष दिलं नाही. काचेच्या आतल्या कडेने चालत आले आणि यांच्या अगदी नाकासमोर येऊन उभी राहिले.

हात वर केला. बोटं हलवली.

यांना दिसलं.

मग मी रांगेत परत गेले. बाईने जागा राखली होती.